व्हिक्टोरियन, म्हणजे इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कादंबऱ्यांत चावट विनोद खरंच लपलेले असतात का? उदाहरणार्थ, डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधलं 'मास्टर बेट्स' हे नाव? असले तर ओळखायचे कसे?

असतात, आणि भरपूर असतात. 'व्हिक्टोरियन म्हणजे सोवळे' हे वाक्य वर्गावर्गांतून इतकी वर्षं घोकून घेतलं गेलंय की समोर छापलेला विनोदसुद्धा विद्यार्थ्याला दिसत नाही. मला राग त्याचा येतो.

तुम्ही दिलेलं मास्टर बेट्सचं उदाहरण मात्र सगळ्यांत कच्चं आहे. हस्तमैथुनाच्या 'मास्टरबेट' या इंग्रजी शब्दाशी उच्चार जुळतो, पण त्या काळी त्याला लोक 'सेल्फ-अब्यूज' किंवा 'ओननिझम' म्हणत. आज आपल्याला आठवतो तो शब्द मुख्यतः वैद्यकीय पुस्तकांतला. शिवाय आजूबाजूचं एकही वाक्य त्या अर्थाला हात देत नाही.

खरा नमुना हवा असेल तर जॉर्ज इलियटच्या 'मिडलमार्च'चं (१८७१-७२) सातवं प्रकरण काढा. पंचेचाळिशी ओलांडलेला पंडित कॅसॉबन आणि विशीही न गाठलेली डोरोथिया यांचं लग्न ठरलंय. आता भावनेच्या प्रवाहात स्वतःला झोकून द्यायचं असं तो ठरवतो आणि बघतो तर प्रवाह कसला, अगदी उथळ ओहोळ! इलियट तिथेच थांबत नाही. कोरड्या मुलखात बाप्तिस्म्याला (ख्रिस्ती दीक्षेला) पाण्यात बुडी मारता येत नाही, नावापुरतीच उरकावी लागते. तसं याच्या ओहोळात शिंपडण्यापलीकडे काही जमण्यासारखं नव्हतं, असं ती लिहिते. मग कॅसॉबन निष्कर्ष काढतो की पुरुषी वासनेच्या जोराबद्दल कवींनी फारच अतिशयोक्ती केली आहे. एकही शब्द असभ्य नाही, उपमा तर थेट चर्चमधली. आणि हा विनोद शोभेचा नाही. विसाव्या प्रकरणात मधुचंद्राला रोममध्ये डोरोथिया एकटी हुंदके देत बसते आणि नवरा व्हॅटिकनच्या ग्रंथालयात असतो, त्याची तयारी इथे झालेली असते. सारांशावर भागवणाऱ्यांच्या हाती 'विजोड लग्न' एवढंच लागतं.

लपवावं का लागे, तर पैशामुळे. तीन खंडी कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणून लोक ती विकत न घेता मुडीच्या वाचनालयातून आणत; वर्गणी वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. पुस्तक असभ्य वाटून मुडीने प्रती उचलल्या नाहीत तर प्रकाशक अडचणीत. त्यात घरोघरी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचन चाले. ट्रोलोपच्या 'बार्चेस्टर टॉवर्स'मधलं (१८५७) 'फॅट स्टमक' (जाडं पोट) प्रकाशकासाठी हस्तलिखित तपासणाऱ्या वाचकाला खुपलं आणि तिथे 'डीप चेस्ट' (भरदार छाती) आलं, म्हणजे बघा! तमाशातला सोंगाड्या द्व्यर्थी बोलून प्रेक्षकांकडे बघतो. या लेखकांना तसं थांबण्याची सोय नव्हती. मोठ्यांना कळावं, मुलांच्या डोक्यावरून जावं आणि कुणी विचारलंच तर सरळ अर्थ दाखवता यावा, अशी ती रचना.

ओळखताना आधी शब्दाचा काळ बघा. आज लैंगिक वाटणारे शब्द तेव्हा साधे असत. 'इजॅक्युलेटेड' म्हणजे उद्गारला, 'मेकिंग लव्ह' म्हणजे प्रेमाराधन, 'इंटरकोर्स' म्हणजे बहुतेक ठिकाणी नुसता संबंध किंवा संवाद. यांवर खिदळणारे बहुधा पुस्तक न वाचताच खिदळतात. अशिष्ट शब्दांसाठी फार्मर आणि हेन्ली यांचा सात खंडी कोश (१८९०-१९०४) आहे. त्यानंतर शेजारची वाक्यं तपासा, कारण एकटा शब्द पुरावा होत नाही. डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट'मध्ये मेरी टॉम पिंचच्या ऑर्गनला (चर्चमधलं वाद्य, पण इंग्रजीत 'अवयव'ही) हात लावते, हे एवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्याच वाक्यात, ज्याला आता 'एलिव्हेशन' (उंचावणं) शक्य नाही असं वाटत होतं त्या ऑर्गनला नवं आयुष्य लाभतं. माझ्या मते हे जाणूनबुजून आहे. सगळे अभ्यासक मानणार नाहीत.

शक्य असेल तिथे मासिकातला पाठ आणि पुस्तकातला पाठ शेजारी ठेवा. हार्डीची 'टेस' १८९१ मध्ये 'द ग्राफिक'मधून येत होती, तेव्हा तिचा नायक एंजल गवळणींना पाणी साचलेल्या रस्त्यावरून ढकलगाडीत बसवून नेतो. पुस्तकात तो त्यांना उचलूनच नेतो. संपादकांना काय खुपत होतं ते यातून कळतं. म्हणून टिपा असलेली पूर्ण आवृत्ती घ्या, संक्षिप्त नको.

आणि जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मधला 'रिअर्स अँड व्हाइसेस'चा श्लेष (नौदलातले हुद्दे, पण पार्श्वभाग आणि दुर्गुण असेही अर्थ) या यादीत घालू नका. ती कादंबरी १८१४ची. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली.