अंडकोषाच्या कातडीवर पांढऱ्या, कडक गाठी आहेत. कॅन्सर असेल का? लग्नाआधी ऑपरेशन करून घ्यावं का?

गाठी कातडीतच असतील तर बहुधा कॅन्सर नाही. तरी दाखवून घ्या. मला हेच झालं होतं. वाटाण्याएवढ्या गाठी, दुखणं अजिबात नाही. एक फुटून खडूच्या भुकटीसारखं काहीतरी बाहेर आलं, तेव्हा घाबरून परळच्या पालिका रुग्णालयात केसपेपर काढला.

डॉक्टरांनी कातडी चिमटीत धरून वर उचलली. गाठी तिच्याबरोबर वर आल्या, वृषण खाली जागच्या जागी राहिलं. म्हणाले, "आजार कातडीचा आहे, आतला नाही." मग रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि त्यांचं प्रमाण राखणारं पॅराथायरॉइड हार्मोन तपासलं. सगळं नॉर्मल. या आजाराचं नाव स्क्रोटल कॅल्सिनोसिस: रक्तात कॅल्शियम वाढलेलं नसतानाही कातडीत त्याचे खडे साठतात. पहिली नोंद 1883 ची आहे, पण कारणावर अजून एकमत नाही. कातडीतल्या जुन्या गाठींमध्येच कॅल्शियम साठत जातं, असं बरेच जण मानतात. ऑफिसातल्या एकाने "तंबाखूत चुना मळतोस ना, त्याचंच हे," असं ठणकावून सांगितलं होतं. तंबाखू सोडा जरूर, पण या गाठींचा चुन्याशी काही संबंध नाही. दूधही बंद करू नका.

मलमाने या विरघळत नाहीत. त्रास नसेल तर तशाच ठेवल्या तरी चालतात. खाज येत असेल, फुटत असतील किंवा नुसती लाज वाटत असेल तरी काढून घ्याव्यात. थोड्या असतील तर जागेवरच भूल देतात, माझ्या बऱ्याच होत्या म्हणून कमरेत इंजेक्शन दिलं. तिथली कातडी सैल असते, त्यामुळे मोठा तुकडा काढला तरी कडा सहज जुळतात. वृषणाला हात लागत नाही, म्हणजे मूल होण्याची चिंता नको. काढलेला तुकडा मात्र पॅथॉलॉजीला पाठवायला सांगाच, निदान पक्कं होतं ते तिथेच. बारीक गाठी राहिल्या तर पुढे वाढू शकतात, हेही ऐकून ठेवा.

खरा वैताग नंतरचा. मुंबईचा घाम, त्यात टाके! घट्ट सपोर्टर घाला, जागा कोरडी ठेवा आणि टाके भरेपर्यंत गर्दीच्या लोकलमध्ये चढू नका. म्हणून लग्नाच्या तोंडावर नको, दोन-तीन महिने आधीच उरकून घ्या.

आणि गाठ कातडीबरोबर हलत नसेल, वृषणातच लागत असेल, तर माझं हे सगळं बाजूला ठेवून याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या.