कुट्टी केली, म्हणजे यंत्राने चाऱ्याचे तुकडे केले, की चाऱ्याची पोषणमूल्ये वाढतात का? मग पेंड कमी करता येईल का?

कुट्टीमुळे म्हणून पेंड कमी करू नका. यंत्रात जेवढी प्रथिनं टाकाल तेवढीच पलीकडून बाहेर पडतात. फरक पडतो तो जनावराच्या खाण्यात. लांब धाटं टाकली की ते पाला ओढून खातं आणि बुडखे तुडवतं. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे केले की बुडखेही पोटात जातात. चारा वाया जात नाही, हा फायदा मोठाच. पण बुडखा पाल्यापेक्षा निकस. म्हणजे पोटात गेलेल्या चाऱ्याचा सरासरी कस उलट थोडा उतरतोच!

बारीक केलं तर आणखी चांगलं, असं मलाही वाटायचं. एकदा पार भुगा करून घातला. गाई झटपट खाऊन मोकळ्या झाल्या, रवंथ मात्र कमी झालं आणि काही दिवसांत दुधाची फॅट उतरली. चावणं कमी झालं की लाळ कमी सुटते, आणि कोटीपोटातली (चारा आंबतो त्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातली) आम्लता आवरते ती लाळेतल्या बायकार्बोनेटमुळे. शिवाय बारीक कण तिथे फार वेळ थांबत नाहीत. जंतूंनी तंतू फोडायच्या आधीच ते पुढे सरकतात.

वाळवताना आणि मुरवताना (हिरवी कुट्टी हवाबंद ठेवून मुरघास करताना) मात्र चाऱ्याचा कस खरोखर बदलतो. लसूणघासाची बहुतेक प्रथिनं पानांत असतात. तो कडकडीत वाळल्यावर हलवला की पानं गळतात आणि हातात काड्या उरतात. उन्हात कॅरोटीनही उडतं. मुरघासात ते बरंच टिकतं, पण कुट्टी नीट दाबून हवा बाहेर काढली तरच.

कस वाढवायचाच असेल तर गव्हाच्या काडावर किंवा भाताच्या पेंढ्यावर युरिया प्रक्रिया करा. 100 किलो वाळलेल्या काडाला 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि ढीग 21 दिवस हवाबंद झाकायचा. तयार होणारा अमोनिया लिग्निनची, म्हणजे काडाचे तंतू घट्ट बांधून ठेवणाऱ्या न पचणाऱ्या घटकाची, पकड सैल करतो. कच्ची प्रथिनं (नायट्रोजनवरून मोजलेली प्रथिनं) तीन-चार टक्क्यांवरून सातच्या आसपास जातात. घालण्याआधी चारा तासभर पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना आणि घोड्यांना तो देऊ नका. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असं कुठेही ठेवू नका, विषबाधेने ते दगावू शकतं.