पारधी मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून मेंटॉरिंगचा उपयोग होतो का? दर रविवारी वेळ देऊ शकतो.

होतो. पण रविवारी नाही होत. आमच्या पोरांना पोलीस उचलतात ते रात्री दोनला, आणि बहुतेक वेळा आठवड्याच्या मधल्याच कुठल्यातरी वारी.

मी स्वतः फासेपारधी, सोलापूरकडचा, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. प्रश्नातलं "गुन्हेगारीकडे वळू नयेत" वाचून राहवलं नाही. वळायच्या आधीच नाव लिहिलेलं असतं हो आमचं. १८७१ पासून इंग्रजांनी आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं, माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मली, तारेचं कुंपण आणि हजेरी हे तिचं बालपण. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण १९५९ ला सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि ठाण्यातल्या वहीत आडनावं तीच राहिली.

२००९ साली मी सोळा वर्षांचा होतो. गावातल्या विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरीला गेली आणि पालावरून पाच पोरं उचलली, त्यात मी. ती केबल मी नव्हती चोरली. पण त्याआधी दोनदा पोरांबरोबर केबल जाळून तांबं भंगारात विकलं होतं, हे खोटं कशाला बोलू. कागदावर माझं वय एकोणीस लिहिलं. जन्मदाखला नव्हता, आई बाहेर रडत बसलेली, तिला कुणी आत घेईना, चोवीस तासात हजर करायचं असतं हे आमच्यातल्या कुणाला माहीत पण नव्हतं.

मग आमच्यातलेच एक नाना आले. शिक्षण चौथी, तालुक्याला रिवाइंडिंग करायचे. ते आधी ठाण्यात आलेच नाहीत, थेट हेडमास्तरच्या घरी गेले, सुट्टीच्या दिवशी शाळा उघडायला लावली आणि रजिस्टरमधून माझा निर्गम उतारा काढून आणला. जन्मतारीख त्यात होती. त्या एका कागदामुळे मी लॉकअपमधून बाल न्याय मंडळापुढं गेलो. बाकीच्या चौघांपैकी दोघांची नावं शाळेत कधी घातलीच नव्हती, ते मोठ्यांच्या जेलात गेले, आणि त्यातला एक आजही आतबाहेर करतोय.

सुटल्यावर नानांनी मला उपदेश केला नाही. दुकानात बसवलं आणि पहिलं काम दिलं तांबं तोलायचं. जळालेल्या मोटरचं जुनं वाइंडिंग काढायचं, शेतकऱ्यासमोर काट्यावर ठेवायचं, वजन वहीत लिहून त्याची सही घ्यायची. ज्या तांब्यासाठी मला मारलं होतं तेच तांबं माझ्या हाताने तोललं जायचं, आणि ज्यांच्या विहिरीवरची केबल गेली होती तेच शेतकरी समोर उभे. पहिला महिनाभर हात थरथरायचा. नाना बाजूला फक्त चहा पीत बसायचे. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की मोटारी जळतात, दुकानात रांग लागते, तेव्हा चावी माझ्याकडे देऊन ते जेवायला जायचे. मेंटॉरिंग म्हणतात ते माझ्यासाठी हे.

तर तुम्हाला खरंच काही करायचंय तर चित्रकला स्पर्धा आणि मोटिव्हेशनल भाषण नको. पोरांची नावं शाळेत घाला, जन्मनोंदी करा, जातीच्या दाखल्यामागं लागा (६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवासी पुरावा मागतात, पालं टाकत फिरणाऱ्याने तो आणायचा कुठून?), एक वकील ओळखीचा ठेवा. आणि तुमच्यापेक्षा तालुक्याला गॅरेज, वेल्डिंग, रिवाइंडिंग करणारा आमच्यातलाच एक माणूस शोधून त्याच्यामागं उभे राहा. मतीन भोसले स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेची मास्तरकी सोडून अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला प्रश्नचिन्ह शाळा काढली. आपला माणूस परत आला की पोरं ऐकतात.

इथंच माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं वाजतं. तो चाकणला कंपनीत आहे. आमची आडनावं पवार, काळे, भोसले, त्यामुळे शहरात कुणाला जात कळत नाही, त्याने पण कधी सांगितली नाही. तो म्हणतो लांब जा, गप राहा, तेच सुटणं. इथं राहिलास तर पोरांबरोबर तुला पण उचलतील. उचललं पण एकदा, चौकशीला म्हणून, दिवसभर बसवून ठेवलं. त्याची भीती खोटी नाही. पण सुटलेला प्रत्येक जण लांबच गेला तर पालावरच्या पोराला दिसणार कोण? दिसतो तो दारू पाजून रात्री कामाला नेणारा. तसले आमच्यात आहेत, ते पण सांगायला पाहिजे, सगळा दोष पोलिसांचा नाही. त्या रात्री माझ्या आईला पाणी आणून देणारा पण एक हवालदारच होता.

माझ्याकडे शिकायला आलेल्या सहा पोरांपैकी दोन परत तिकडेच गेली. म्हणजे हमखास असं काही नाही. आणि सोळाच्या पुढचं पोरगं जघन्य म्हणजे अतिगंभीर गुन्ह्यात असलं तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्याला मोठ्यांसारखं चालवता येतं, तिथं उतारा पुरत नाही, वकीलच लागतो.

दादा, तू या साइटवर असतोस म्हणून लिहितो. पालावरच्या पोरांकडे रात्री लावायला फक्त माझाच नंबर आहे. तुझा देऊ का, एवढं सांग.