जेसीबीचा आवाज घरापर्यंत येतो

"ट्रीटमेंट संपली, रिपोर्ट चांगले आलेत, देवाचंही सगळं केलं. मग आमचा माणूस पहिल्यासारखा का होईना?" सांगलीत समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. विचारणारे घरचेच असतात. ज्याच्याबद्दल विचारायचं तो शेजारच्या खुर्चीत गप्प.

असंच तासगाव तालुक्यातलं एक द्राक्षबागायतदार कुटुंब माझ्याकडे आलं. (त्यांना विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.) पन्नाशीला टेकलेले गृहस्थ, आपण त्यांना अण्णा म्हणू. सोबत बायको, धाकटा भाऊ आणि सत्तरी ओलांडलेली आई.

अण्णांची पाठ दुखायला लागली तेव्हा फवारणीच्या पंपावर खापर फुटलं. मालिश झाली, इंजेक्शनं झाली. संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरत होतं, पण बागेच्या दिवसांत कोण लक्ष देतो? पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा मिरजेला एमआरआय झाला आणि मणक्याचा टीबी निघाला. कमरेला पट्टा, सुरुवातीचे काही महिने अंथरूण आणि वर्षभर रोजच्या गोळ्या.

त्या वर्षात या घरानं केलं ते मी आजही इतरांना सांगते. कुणीतरी नातेवाईक येऊन सांगून गेला, गोळ्या बंद करा, अमक्याचा अंगारा लावा. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात, मग औषधं आणखी जड आणि बहुधा लांबलेली. हे अण्णांच्या आईला कुणी समजावलं नव्हतं. तिनं गोळ्यांची पाकिटंच देव्हाऱ्यात हळदी-कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. रोज सकाळी पूजा झाली की तिथूनच अण्णांच्या हातावर. "देव हितं बसलाय, त्याच्यासमोर गोळी चुकवायची न्हाई," एवढंच म्हणायची. दर पौर्णिमेला एसटीनं औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जायची, दिवसभर उपाशी. आता मी काही फार देवदेव करणारी नाही. पण एक डोस न चुकवता वर्ष काढणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे, आणि इथं ते देव्हाऱ्यामुळं झालं.

सुरुवातीला धाकट्या भावाच्या बायकोनं अण्णांचं ताट वेगळं केलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, नुसता मणक्यातला टीबी दुसऱ्याला लागत नाही, आणि ताट-वाटीनं तर फुफ्फुसाचाही लागत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच ताटं एकत्र मांडली.

तरी औषधं संपून दोन महिने झाले आणि अण्णा खाटेवरून उठायला तयार नव्हते. टीव्हीसमोर बसायचे, बघायचे नाहीत. पहाटे तीनला जाग. मी घरच्यांना बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का?" बऱ्याच वेळानं म्हणाले, "मरायचं न्हाई ताई. पण मी हाय कशाला, ते कळंना." त्याच आठवड्यात त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. झोपेसाठी आणि उदासीसाठी गोळ्या सुरू झाल्या. मणक्याच्या डॉक्टरांकडूनही किती चालायचं, काय उचलायचं नाही ते लिहून आणायला लावलं. शरीराचं काही राहिलं नाही ना, हे आधी बघितल्याशिवाय मनाच्या गोष्टी करण्यात अर्थ नसतो.

खरी गोष्ट तिसऱ्या भेटीत बाहेर आली. बायको सांगत होती, "ह्यांना कसलंच टेन्शन दिलं न्हाई आम्ही. बागेचं एक अक्षर कानावर घातलं न्हाई." अण्णा खाली बघत म्हणाले, "वरच्या एकरातली बाग काढली की न्हाई?"

खोलीत कुणी बोलेना. खर्च भागेना म्हणून भावानं ती जुनी बाग मोडून जमीन खंडानं दिली होती. अण्णांना धक्का बसेल म्हणून सगळ्यांनी मिळून लपवलं होतं.

"जेसीबीचा आवाज घरापर्यंत येतो," अण्णा म्हणाले. "पडल्या पडल्या सगळं ऐकलं. कोण सांगतंय का, वाट बघत हुतो. कोनीच आलं न्हाई. तवा म्हटलं, आपला हिशेब घरानं संपवलेला दिसतोय."

भाऊ रडला. आईनं आधी भावाला रागावून घेतलं, मग स्वतःला.

आजारी माणसाला टेन्शन देऊ नका, हा सल्ला आपल्याकडे इतका सहज दिला जातो की त्यात माणूस घरातून वजा होतो हे ध्यानात येत नाही. उपचार चालू असताना सरकारकडून टीबीच्या रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी पैसे येतात, महिन्याला आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. अण्णा ते बायकोच्या हातात देत म्हणायचे, "ही माझी कमाई." घरचे हसायचे. अण्णा चेष्टा करत नव्हते.

आईच्या उपवासांचंही तसंच. "म्हातारी माझ्यापायी उपाशी ऱ्हाती आणि मी हाय तसाच. माझीच भक्ती कमी पडली आसंल," असं त्यांच्या मनात होतं. आईला नवस सोडा म्हणायचा मला काय अधिकार? तिला एवढंच विचारलं, की हरिपाठ कोण वाचतं? मोतीबिंदूमुळं तिला अक्षरं लागत नव्हती, पाठ होतं तेवढं म्हणायची. अण्णा गळ्यात माळ असलेले, पण आजारात पोथीला हात लावला नव्हता. "त्यानं माझ्यावर ही वेळ का आणली" हा राग होता. मी म्हटलं, राग राहू द्या, आईसाठी वाचा. सुरुवातीला दोन अभंग वाचून पोथी मिटायचे.

भावाला एक काम दिलं. रोज संध्याकाळी फवारणीची वही घेऊन अण्णांच्या खाटेवर बसायचं, आज काय मारलं, उद्या काय मारायचं, ते विचारायचं. पहिले आठ दिवस अण्णा "तुला पटंल तसं कर" म्हणाले. नवव्या दिवशी चष्मा मागितला.

मग घरापासून बोअरपर्यंत चालणं, मग बागेच्या पहिल्या ओळीपर्यंत. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी पुन्हा खाट. एकदा पाठीत साधी उसण भरली तर घरभर रडारड, टीबी उलटला म्हणून. तपासलं, काही नव्हतं. ती भीती अजून पूर्ण गेलेली नाही, आणि तपासण्या तर ठरल्या वेळी करायच्याच आहेत.

ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ निघतो, भाविक दोर धरून ओढतात. गर्दीत धक्का लागेल म्हणून घरचे नको म्हणत होते. अण्णा पट्टा बांधून गेले, कडेला उभे राहिले, दोराला हात लावून परत आले.

परवा बायकोचा फोन आला. आवाज मोठा होता, मी घाबरले. "मॅडम, दोघं भाऊ सकाळपास्नं भांडत्यात. ह्यांचं म्हननं छाटणी आठ दिवस थांबून घ्यायची, भावजींनी माणसं सांगून ठेवल्यात." मागं अण्णांचा आवाज ऐकू येत होता, चांगलाच चढलेला. मी विचारलं, मग काय ठरलं?

"कशाचं ठरतंय," ती हसत म्हणाली, "अजून चहा बी घेतला न्हाई दोघांनी."