तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळ फ्लॅट घेतोय, रेडिएशन मोजणाऱ्या सरकारी स्टेशनांवर विश्वास ठेवू की स्वतःचा रेडिएशन मीटर घेऊ?

मीटर घ्या नाहीतर नका घेऊ, पैसे तुमचे. पण "सरकार नुसते डबे लावून ठेवतं, मोजत कोणी नाही" हे जे तुम्ही लिहिलंय ते वाचून राहवलं नाही, कारण आमचे साडू हेच दर लग्नकार्यात ऐकवतात.

मी काही वर्षं कंत्राटावर तिथल्या गावांतून रेडिएशन तपासणीसाठी सॅम्पल गोळा केलीयेत. दूध, विहिरीचं पाणी, गवत, तांदूळ, बोंबील, कालवं. सगळ्यात वैताग म्हणजे बकऱ्याची थायरॉइड. पहाटे खाटकाकडे जाऊन उभं राहायचं, मटण नको, गळ्यातली ती गाठ तेवढी द्या म्हणायचं, रांगेतले लोक वेड्यासारखे बघायचे. बकरी दिवसभर हिंडून चरते, गवतावर अणुभट्टीतून सुटलेलं किरणोत्सर्गी आयोडीन-131 पडलं असेल तर ते त्या गाठीत साठतं, आणि 8 दिवसांत निम्मं होतं म्हणून गाठ ताजीच लॅबला पोचवायची. आकडे मॅनेजच करायचे असते तर मला एवढ्या पहाटे कशाला उठवलं असतं?

साडूंनी ऑनलाइन मीटर मागवला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बोईसरच्या गच्चीवर आकडा चढला, लगेच फॅमिली ग्रुपवर फोटो, "गळती झाली", सासूबाई बॅग भरायला लागल्या. अहो जमिनीतून हवेत येणाऱ्या रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सर्गी वायूपासून झालेलं शिसं-214, बिस्मथ-214 पावसाबरोबर खाली येतं, ते अर्ध्या तासाच्या आत निम्मं होतं, म्हणून पाऊस थांबला की दोन-तीन तासांत आकडा जागेवर. बीएआरसीचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं, देशभर गॅमा किरण मोजणाऱ्या स्टेशनांचं जाळं आहे, आयर्मॉन, त्याचा उपयोग इथेच: पाऊस सरकतो तशी ही वाढ एका स्टेशनावरून पुढच्यावर जाते, गळती असेल तर प्लांटवरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला आधी दिसेल. गच्चीवरच्या एकट्या मीटरला हे कसं कळणार? मग त्यांनी तो किचनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवला, तिथेही जास्त! ग्रॅनाइट आहे तो, असणारच. आपला काळा दगड मुळात रेडिएशन कमी देतो, केरळात चवराच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम, तिथे कित्येक पट, आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतायत.

फ्लॅटचं म्हणाल तर मी घेतला असता. त्या भागात घाबरायचंच असेल तर एमआयडीसीच्या केमिकलला घाबरा, बोअरचं पाणी तपासून घ्या. मीटर घेतलातच तर वर्षभर एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवा आणि पावसाच्या तारखा लिहा, नाहीतर तो आकडा कशाशी ताडणार?

हां, गॅमाच्या डब्याला पाण्यातलं ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) किंवा स्ट्रॉन्शियम-90 दिसत नाही, त्यालाच ती दूध-पाण्याच्या बाटल्यांची हमाली लागते. आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागायला हवेत, हे साडूंचं म्हणणं मला मान्य आहे. तेवढंच. बाकीचं समजावलं की "तू त्यांचाच माणूस" म्हणतात, आणि कंत्राट संपल्यावर त्यांच्याच दुकानात हिशेब लिहायला बसलो होतो ते मात्र सोयीस्कर विसरतात.