मुलगी तिकडे रुळत नाही, बोलावून घेऊ का?

मी नागपुरात समुपदेशक आहे. नोकरीसाठी किंवा लग्न करून परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात, तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो: इतके महिने झाले, मन लागत नाही म्हणते, बोलावून घेऊ का? मुलांचा प्रश्न जरा वेगळा असतो: सगळ्यांना जमतं, मग मलाच का जमत नाही? हे दोन्ही प्रश्न एकाच घरातून आले, ती हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आधी आई आली, इथल्याच त्रिमूर्तीनगरहून. मुलगी इथल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायची. लग्न झालं, जावई जर्मनीत स्टुटगार्टजवळ इंजिनिअर, ऑगस्टमध्ये ती गेली. डिसेंबर लागेपर्यंत फोनवर रडणं रोजचं झालं होतं. "मॅडम, पोरगी रडून राहिली आणि मी इथे बसून पाहून राहिली," आई म्हणाली. "तिकीट काढू म्हटलं तर हे म्हणतात, लोक काय म्हणतील." मी म्हटलं, तिकिटाचं नंतर बघू, आधी तिला स्वतःला माझ्याशी बोलायचंय का ते विचारा. आईबापांच्या तोंडून येणारी तक्रार आणि मुलीची तक्रार क्वचितच एक असते.

इथेही नव्हती. आई सांगत होती, घरची आठवण येते. मुलगी स्क्रीनवर आली आणि म्हणाली, "आठवण तर येतेच, मॅडम. पण मला इथे ढ असल्यासारखं वाटून राहिलं."

मग एकेक निघालं. जावयाकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही. सवलत चांगलीच, पण तिच्यामुळे ही पोरगी भाषेचा एक शब्द न शिकता गेली. रविवारी दुकानं बंद असतात हे पहिल्या रविवारी घरात दूध नव्हतं तेव्हा कळलं. त्या भागात भाडेकरूंनी आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा, अशी जुनी रीत आहे. केरवॉख म्हणतात तिला. पाळी आली की शेजारी तुमच्या दाराला पाटी अडकवून जातात. हिला वाटलं, आपल्या फोडणीच्या वासाची कुणीतरी तक्रार केली. तिने कांदा-लसूण बंद केला, आणि जिना तसाच राहिला. हे सांगताना ती हसली नाही. मला हसू आलं होतं, ते मी आवरलं.

वर्गभर पोरं नुसत्या नजरेने गप्प करणारी बाई बेकरीत पाव मागताना बोट दाखवते. तिकडे शाळेत शिकवायचं तर पदवीला मान्यता राज्यागणिक मिळवावी लागते आणि भाषा फार वरच्या पातळीची लागते. काम करायची कायद्याने मुभा आहे, म्हणून नवरा म्हणायचा, "कर ना काहीही." तिला 'काहीही' करायचं नव्हतं. इथे मी जावयाला दोष देत नाही. तो तीन वर्षांपूर्वी एकटा गेला, ऑफिसातल्या लोकांत रुळला, आणि 'होईल सवय' हे त्याचं स्वतःच्या अनुभवावरचं मत होतं. पण त्याला सकाळी कुणीतरी वाट बघत असलेलं ऑफिस होतं, हिला नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिला छळत होती. मोबाईलवर तिने वाचलं होतं की नव्या देशात आधी 'हनिमूनचा काळ' येतो, मग खड्डा, मग सुधारणा. "माझा हनिमूनचा काळ आलाच नाही. म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघाड आहे." हा चढउताराचा आराखडा जुना आहे: नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ साली, अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशवासीयांच्या मुलाखतींवरून तो मांडला, आणि मानववंशशास्त्रज्ञ ओबर्ग यांनी १९६० साली 'कल्चर शॉक'च्या पायऱ्या सांगितल्या. पुढे मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी विद्यार्थ्यांना पोचल्यापासून ठरावीक टप्प्यांवर तपासलं, तेव्हा सर्वात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला. हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. गणिताची बाई, तिला पुरावा लागतो. "म्हणजे आलेखच चुकीचा होता," ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा झाला.

मग मी तिला एका साध्या दिवसाचा हिशोब लिहायला सांगितलं. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. नवरा साडेसातला निघाला की इथे दुपारचे बारा. व्हिडिओ कॉल लागायचा आणि आईचं जेवण, भांडी, मालिका, चारचा चहा, सगळं तिच्यासमोर व्हायचं. मग मावशी, मग वहिनी. गल्लीत कुणाच्या दारात मांडव पडला, ते तिला माहीत. खालच्या मजल्यावर कोण राहतं, ते नाही. फोन ठेवेपर्यंत बाहेर अंधार पडायला लागलेला, कारण तिथे डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या शरीराला हा उजेडाचा तुटवडा जाणवतोच.

मी फोन बंद करायला सांगितलं नाही. फक्त कॉल तिच्या संध्याकाळी नेले, आणि उजेडाचे तास घराबाहेर घालवायचे ठरवले. रोज त्याच वेळी, त्याच बेकरीत. नवीन जागा शोधत फिरण्यापेक्षा एकाच जागी तोंडओळख होणं या काळात जास्त उपयोगी पडतं असं माझं मत आहे. जिन्याची पुढची पाळी तिने आठवणीने केली, आणि खालच्या आजींनी दार उघडून काहीतरी म्हटलं. कळलं नाही, पण ओरडत नव्हत्या. जानेवारीत तिने इंटिग्रेशन कोर्सला, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीच्या तिथल्या सरकारी वर्गाला, नाव घातलं: साधारण ६०० तास भाषा, १०० तास तिथला कायदा, इतिहास आणि समाज. वर्गात तिच्यासारख्याच अडखळणाऱ्या बायका, कुणी सीरियाची, कुणी युक्रेनची. परत यायचं की नाही, हा निर्णय अंधाराच्या महिन्यांत घ्यायचाच नाही, एप्रिलमध्ये विषय काढायचा, असंही ठरलं.

अवघड गेलं ते आईला. मुलगी दुपारी फोनवर नाही म्हटल्यावर त्यांना घर खायला उठलं. "मीच तिच्या फोनची वाट पाहत असायची जी," त्या हळूच म्हणाल्या. तेव्हापासून दोन-तीनदा मी त्यांच्याशीच बोलले. 'मन लागलं का?' हे रोज विचारू नका, एवढं मी त्यांना सांगितलं. त्याला रडण्यावाचून दुसरं उत्तर सापडत नाही. आज बाहेर काय पाहिलं, कोण भेटलं, ते विचारा.

मात्र प्रत्येक रडणं रुळण्याचंच असतं असं नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नाही, आंघोळ करायलाही उठवत नाही, जगू नये असे विचार येतात, असं असेल तर फोनवरची आई किंवा नागपुरातली समुपदेशक पुरत नाही, तिथल्या डॉक्टरला गाठायला हवं. जर्मनीत तातडीसाठी ११२, मन मोकळं करायला हेल्पलाइन ११६ १२३. इथल्या आईवडिलांना स्वतःसाठी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. आणि नवऱ्याच्या घरी मारहाण किंवा पासपोर्ट काढून घेणं असलं काही असेल, तर तिथे 'सवय होईल' हे वाक्य कुणी उच्चारू नये. पहिल्याच भेटीत मी हे सगळं तिला एकटीला विचारून घेतलं होतं.

एप्रिल आला. परतीचा विषय तिनेच काढला. बी-वनची, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीची परीक्षा जूनमध्ये आहे, त्यानंतर नागपूरला येते म्हणाली. आईने विचारलं, कायमची की सुट्टीला? ते अजून ठरलेलं नाही.