गळ्यावर प्रोब कशाला? वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञाची उत्तरं

मागच्या वेळी मी एका ओळीत लिहून गेलो होतो की लहान मुलांना श्वासाची नळी घालताना आता बरेच जण गळ्याची सोनोग्राफी करतात, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, प्रोब, गळ्यावर टेकवून आत बघतात. त्या एका ओळीवरच इतके प्रश्न आले की बाकीचं सगळं बाजूला ठेवून आज फक्त तेच घेतो.

प्रश्न : माझ्या 4 वर्षांच्या मुलीचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, गळ्याची सोनोग्राफी करून ट्यूबचा नंबर ठरवू. तिच्या गळ्यात काही प्रॉब्लेम दिसला असेल का? मला रात्री झोप येत नाहीये.

ताई, आधी झोपा. प्रॉब्लेम दिसला म्हणून नाही, दिसू नये म्हणून करतायत.

मोठ्या माणसात एखादा नंबर इकडेतिकडे झाला तरी चालून जातं, मुलांचं तसं नसतं. स्वरयंत्राच्या खाली क्रिकॉइड नावाची कुर्चेची (म्हणजे मऊ हाडाची) पूर्ण गोल कडी असते, आणि मुलांमधे नळी अडकते ती बहुतेक तिथंच. ट्यूब जाड झाली की आतलं नाजूक अस्तर दाबलं जातं आणि सुजतं, आणि ती सूज बाहेरच्या बाजूला जाऊ शकत नाही कारण कडी ताणत नाही, मग सगळी आतच येते. समजा बाळाचा श्वासमार्ग 4 मिलिमीटरचा आहे आणि चोहोबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली, तर उरले 2. व्यास अर्धा झाला पण जागा राहिली पाव, आणि शांत श्वासातसुद्धा हवेला होणारा अडथळा 16 पट! ट्यूब काढल्यावर मूल घोगरं होऊन श्वास घेताना आवाज करतं ते यामुळेच. बरं, लहान घातली तर बाजूनं हवा गळते, मग ती काढा, दुसरी घाला, म्हणजे त्याच जागी परत घासाघीस.

आजवर आम्ही नंबर कसा काढायचो, तर वयाला 4 नं भागायचं आणि त्यात 4 मिळवायचे, कफवाली ट्यूब (कफ म्हणजे टोकाजवळ फुगवायचा छोटा फुगा) असेल तर साडेतीन. तुमच्या लेकीला कफवाली साडेचारची. फॉर्म्युला वाईट नाही, मी अजूनही आधी तोच करतो, पण त्याला फक्त वाढदिवस माहितीये, तुमची मुलगी माहीत नाही. एकाच वयाची दोन मुलं शेजारी उभी करा, कळेल. सोनोग्राफीत प्रोब गळ्यावर आडवा ठेवून त्या कडीजवळ हवेच्या पट्ट्याची रुंदी मोजतात आणि ती ट्यूबच्या बाहेरच्या व्यासाशी जुळवतात. बाहेरच्या हे महत्त्वाचं, कारण ट्यूबवर जो नंबर असतो तो आतल्या व्यासाचा, आणि दोन कंपन्यांच्या एकाच नंबरच्या ट्यूब बाहेरून सारख्या असतीलच असं नाही. जपानमधल्या भूलतज्ज्ञांनी 2010 साली हे मुलांमधे तपासलं होतं, वय आणि उंचीच्या फॉर्म्युल्यांपेक्षा सोनोग्राफीचा अंदाज जास्त बरोबर निघाला.

दुखत नाही, क्ष-किरण नाहीत, बहुतेकदा मूल झोपल्यावरच करतात आणि मिनिटभरात आटपतं. एवढं करूनही जवळचे मोठे-लहान नंबर टेबलवर काढून ठेवलेले असतातच, ते बघून घाबरू नका.

प्रश्न : मी विज्ञान शिकवतो. अल्ट्रासाउंड हवेतून नीट जात नाही असं मुलांना सांगतो. मग हवेनंच भरलेली श्वासनलिका दिसते कशी?

सर, बरोबर पकडलंत. दिसतच नाही! म्हणजे आतलं आणि मागची भिंत दिसत नाही. आवाजाची लाट पुढच्या भिंतीपर्यंत मऊ मांसातून छान जाते, हवा लागली की जवळजवळ सगळी परत फिरते, म्हणून स्क्रीनवर तिथं एक पांढरी चकचकीत कमान दिसते आणि तिच्यामागे नुसती सावली. आम्ही मोजतो ती या कमानीची रुंदी, फक्त आडवी. पुढून-मागून माप मिळत नाही, पण मुलांमधे ही जागा बरेचदा अंडाकृती असते आणि आडवं मापच कमी असतं, त्यामुळे नशिबानं कामाचं तेच मिळतं.

मुलांचा आणखी एक फायदा, त्यांची कुर्चा मऊ असते, वयानुसार तिच्यात कॅल्शियम साचलेलं नसतं, त्यामुळे स्वरतंतू हलताना अगदी स्पष्ट दिसू शकतात. हृदयाजवळच्या ऑपरेशननंतर बाळाचा आवाज बसला तर एक स्वरतंतू हलत नाहीये का हे दुर्बीण न घालता आधी असं बघता येतं. अर्थात शंका राहिली तर दुर्बीण आहेच.

प्रश्न : मी मुलांच्या आयसीयूत नर्स आहे. ट्यूब नीट बसली का हे सोनोग्राफीनं कळतं तर कॅप्नोग्राफची (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) गरज संपली का?

नाही. कार्बन डायऑक्साइडचा ग्राफ दिसला पाहिजे म्हणजे पाहिजे, यात मी वाद घालत नाही.

सोनोग्राफी त्याच्या जोडीला. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, गळ्यात श्वासनलिकेच्या जरा डावीकडे मागे. ट्यूब चुकून तिच्यात गेली तर ती फुगते आणि स्क्रीनवर एकाऐवजी दोन श्वासनलिका असल्यासारखं दिसतं, आणि हे एकही श्वास द्यायच्या आधी दिसतं, म्हणजे पोटात हवा भरण्याआधीच ट्यूब मागे घेता येते. हृदय बंद पडलेलं असताना फुफ्फुसातून रक्त फिरत नाही म्हणून ग्राफ एकदम बारीक येतो, तेव्हा तर याचा फारच आधार वाटतो. मग प्रोब छातीवर न्यायचा. दोन्ही बाजूंना फुफ्फुसाचा पडदा सरकताना दिसला तर बरं, फक्त उजवीकडेच सरकत असेल तर ट्यूब खोल, उजव्या फुफ्फुसाच्या फांदीत गेलीये. पण डावीकडे छातीत हवा साठली असेल तरी तिथं सरकणं दिसत नाही, तेव्हा मागे ओढण्याआधी तेवढा विचार करा. खोलीची शंकाच असेल तर काही जण कफमधे हवेऐवजी थोडं सलाईन भरतात, पाणी सोनोग्राफीत दिसतं, मग कफ नेमका कुठे आहे ते गळ्याच्या खालच्या खळगीशी प्रोब ठेवून कळतं.

प्रश्न : मी भूलशास्त्र शिकतोय. ट्यूबही जात नाही आणि मास्कनं श्वासही देता येत नाही, अशा वेळी छोट्या बाळात सोनोग्राफीनं क्रिकोथायरॉइड पडदा (क्रिकॉइड कडीच्या लगेच वरचा, जिथं छेद देऊन श्वासाला वाट करतात तो) शोधावा का?

त्या क्षणी मशीन आणायला पळू नकोस, ऑक्सिजन सेकंदासेकंदाला खाली जात असतो. आणि नवजात बाळात तो पडदा जेमतेम 3 मिलिमीटर, हनुवटीखाली घडी पडलेली, बोटाला तर लागतच नाही. म्हणून लहान मुलांत चाकूनं तिथं छेद देण्यापेक्षा, कान-नाक-घसा सर्जन हजर असतील तर त्यांनी खाली श्वासनलिकेवर काम करणं बरं.

सोनोग्राफीची वेळ आहे त्याच्या आधीची. जबडा लहान, मानेला गाठ, आधी कधी नळी घालताना त्रास झालेला, असं मूल यादीत दिसलं की भूल सुरू करण्याआधी निवांत बघ, पडदा कुठे, श्वासनलिका मधोमध आहे की सरकलीये, वरून एखादी रक्तवाहिनी जातेय का. प्रोब छोटा घे, हॉकी स्टिकसारखा असतो तो, जेल भरपूर लाव, अजिबात दाबू नकोस कारण बाळाचा श्वासमार्ग दाबानं चपटा होतो. पेननं खूण कर. आणि खूण करताना मान जशी ठेवली होती तशीच ऑपरेशनच्या वेळी ठेव, मान हलली की कातडी सरकते आणि तुझी खूण पण.